लेकीच्या घरची कॉफी

माझे सासरे कॉफी पीत असताना घरात कोणी मेलं तरी चालायचं, बोललेलं चालायचं नाही. हे मी थट्टेनं लिहीत नाही. एकदा सकाळी त्यांच्या थोरल्या भावाच्या मरणाची बातमी घेऊन शेजारच्या गावचा माणूस सायकल हाणत आला. घामानं निथळत होता बिचारा. अंगणात पाय ठेवून तो 'आबा' म्हणतो न म्हणतो तोच आबांनी डावा हात वर केला. उजव्या हातात कप होता. तो माणूस सायकलचं हँडल धरून तसाच उभा राहिला. आबांनी सावकाश कप संपवला, धोतराच्या सोग्यानं मिशा टिपल्या आणि मग म्हणाले, "बोल." बातमी ऐकल्यावर ते ढसाढसा रडले. पण पुढं कधी कोणी हा विषय काढला की सांगायचे, "मरेल मानूस कोठेच पळी जात नई. कॉफी मातर थंडी व्हई जास."

चोपड्याकडच्या आमच्या गावात सगळे चहाचे भक्त. दिवसातून कितीदा होतो याची गणती नाही, आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा. त्या गावात केळीच्या बागा असलेला हा एकटा शेतकरी कॉफी प्यायचा. पाटाच्या कामावर आलेला एक कानडी ओव्हरसियर आबांच्या तरुणपणी आमच्या मळ्यात तंबू ठोकून राहिला होता. त्यानं ही सवय लावली आणि तो निघून गेला. गावानं आधी टिंगल केली, मग नाद सोडला. आबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण अजून गावात कोणी कॉफी मागितली की लोक म्हणतात, "तू काय आबा शे का?"

मी सुनंदा, त्यांची धाकटी सून. माहेर जळगावचं, त्यामुळे कॉफी करता येते अशी माझी समजूत होती. ऐंशी सालाच्या आसपास लग्न होऊन आले आणि पहिल्याच सकाळी मोठ्या उत्साहानं कप नेऊन दिला. आबांनी एक घोट घेतला, उठले, ओट्याच्या कडेला गेले आणि सगळी कॉफी शांतपणे खाली ओतली. "हाई काय शे? गेरूनं पानी?" दारात माझी मावशी बसलेली, पाठराखीण म्हणून आलेली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मी आत जाऊन रडले. थोड्या वेळानं आबा स्वतः चुलीपाशी आले, पाटावर मांडी घालून बसले आणि मला कॉफी शिकवायला लागले. दूध म्हशीचं, पण साय काढलेलं. पूड दुधात नाही, आधी उकळत्या पाण्यात. झाकण ठेवायचं, घाई करायची नाही. साखर बेताची. जायफळ शेवटी, आणि तेही नखाएवढं. हे सगळं ते इतक्या मायेनं सांगत होते की मघाशी कप ओतणारा माणूस हाच का, असं मला वाटलं.

त्यानंतर त्यांनी मला बी.ए.चं शेवटचं वर्ष पूर्ण करू दिलं. परीक्षेला जळगावला स्वतः घेऊन गेले, कॉलेजच्या फाटकापाशी तीन तास उन्हात बसून राहिले. सासूबाईंनी कुरकुर केली तेव्हा त्यांना दटावलं. घरात कॉफी पिणारी बाई मी एकटी होते. रोज सकाळी आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर बसून, एक शब्द न बोलता, आपापला कप संपवायचो. ती शांतता मला फार आवडायची. आबा मला आवडायचे, अजून आवडतात, आणि हे लिहिताना हातातलं पेन फेकून द्यावं इतका रागही येतो.

सासूबाईंना सगळे जिजी म्हणायचे. जिजी चहाच्या. गवती चहा घालून, बशीत ओतून, फुंकर मारत, मोठा फुर्रर्र आवाज करत त्या चहा प्यायच्या. आबा पाहुण्यांसमोर विचारायचे, "कोना पाट फुटना वं?" पाहुणे हसायचे. जिजीही हसायच्या, आणि दुसरी बशी स्वयंपाकघरात जाऊन प्यायच्या. मी त्या घरात आले तेव्हा त्या चहा नेहमी आतच प्यायच्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांना कॉफी कधी मिळाली नाही. "बाईमानूसले कॉफी उष्ण पडस," असं आबांचं मत होतं. मग मी कोण, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तू शिकेल शे." शिकलेल्या सुनेला नियम वेगळा.

पाहुणा आला की आबा ओट्यावरूनच आत हाक द्यायचे. ती हाक ऐकायला गावातले टगे मुद्दाम समोरच्या लिंबाखाली बसायचे. ओट्यावर तिघं बसलेले असायचे आणि आबा मोठ्यानं म्हणायचे, "सुनंदा, एक कॉफी, दोन चहा!" झालं. त्या तिघांत कोण कोणत्या लायकीचा हे सगळ्या गल्लीला कळायचं. कॉफी ही त्यांच्या हातची पदवी होती आणि ती ते काढूनही घ्यायचे. गावच्या सोसायटीचे एक चेअरमन होते, आबांचे जुने मित्र. वर्षानुवर्षं कॉफीचे मानकरी. कसल्याशा बांधाच्या वादात त्यांनी आबांच्या विरुद्ध साक्ष दिली. पुढच्या वेळी ते आले, आबांनी हसून स्वागत केलं, तब्येत विचारली आणि हाक दिली, "एक चहा!" चेअरमन चहा येईपर्यंत थांबलेच नाहीत. पुन्हा आमच्या ओट्यावर ते चढले नाहीत. आबांना याचं वाईट वाटलं का, तर मुळीच नाही. मला म्हणाले, "दख, समजदार मानूस शे. बोलनं पडनं नई."

आबांना दोन मुलगे, दोन मुली. मुलींत थोरली विमल, आम्ही तिला विमलअक्का म्हणायचो. मी येण्याआधी आबांची कॉफी तीच करायची. तिच्यासारखी कॉफी मला कधीच जमली नाही, आणि आबांनी ते मला दररोज ऐकवलं. "हात ते विमलना," हे वाक्य त्या घरात मी इतक्यांदा ऐकलं की मला नणंदेचा हेवा वाटायला हवा होता. पण अक्का माहेरी आली की इतकी हसायची, इतकं बोलायची, की हेवा करायला जागा राहायची नाही. तिला दिलं होतं पिंपळनेरला. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर, अतिशय सरळ माणूस. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. आबांनीच शोधलेलं स्थळ, आबांनाच पसंत.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. लेकीला मूलबाळ होत नाही तोवर आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. कन्या दान केलेली, दिलेल्या दानातलं परत कसं घ्यायचं, असा त्यामागचा विचार. नातू झाला, नात झाली की ते घर नातवंडाचं होतं, मग खुशाल जेवा. बहुतेक जण ही रीत वर्षदोन वर्षं पाळतात, तेवढ्यात पाळणा हलतोच. नाही हलला तर लोक काहीतरी वाट काढतात. लेकीच्या हातावर रुपया ठेवतात आणि पाणी पितात. आमच्याच गल्लीत अशी दोन घरं होती आणि त्यात कोणाला पाप वाटत नव्हतं.

आबांना वाट काढणं मंजूर नव्हतं. "आंडेरले पोर व्हत नई तवलगून तिना घरनं पानी बी तोंडमा घेवानं नई," ते सांगायचे. आंडेर म्हणजे लेक. "मना बाप असाच वागे. मी बी तसाच वागसू." लोक मान डोलवायचे, कारण शब्दाला जागणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना कॉफीपेक्षाही गोड लागायचा.

धाकटी कमल एरंडोलला दिली. तिला वर्षाच्या आत मुलगा झाला. आबा टोपीला नवी घडी घालून एरंडोलला गेले, पद्मालयाच्या गणपतीला नारळ फोडला आणि कमलच्या घरी पाटावर बसून कॉफी घेतली. कमलची कॉफी म्हणजे नुसतं तापवलेलं साखरेचं दूध, तिला त्यातलं काही कळत नाही हे ती स्वतःच सांगते. पण आबांनी दोन कप घेतले आणि डोळे पुसले. घरी येऊन आठवडाभर हीच गोष्ट. त्याच आठवड्यात अक्का माहेरी आलेली होती. तिनं ती गोष्ट प्रत्येक वेळी पूर्ण ऐकून घेतली, मध्येच उठून गेली नाही.

पिंपळनेरला आबा वर्षातून दोनदा तरी जायचे. लेकीवर जीव होता, भेटल्याशिवाय राहवायचं नाही. केळीची फणी, शेंगदाणे, घरचं तूप, सगळं घेऊन जायचे. अक्काच्या दारासमोरच रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं. आबा अक्काच्या ओट्यावर बसायचे, तासभर गप्पा मारायचे, तिच्या केसांवरून हात फिरवायचे. मग तहान लागली की उठायचे, रस्ता ओलांडायचे आणि हॉटेलच्या बाकावर बसून चहा मागवायचे. आलं ठेचून घातलेला, पाकासारखा गोड चहा. ज्या चहाला ते जन्मभर 'गुऱ्हाळ' म्हणत आले, तो ते तिथं घोटघोट प्यायचे आणि समोर दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघून हसायचे. पहिल्या वर्षी अक्कानं कॉफी करून ठेवली होती. कप तिथंच निवला. पुढच्या वेळी तिनं पुन्हा केली. तिला वाटायचं, वास आल्यावर तरी ते थांबतील.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. हॉटेलवाला मला कौतुकानं म्हणाला, "मास्तरांचे सासरे ना? मोठे नेमाचे माणूस." शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबांच्या त्या चहाचा सगळ्या पिंपळनेरला अर्थ कळत होता. पांढरी टोपी हॉटेलच्या बाकावर दिसली की मास्तरीणबाईंची कूस अजून भरली नाही, हे गावानं समजून घ्यायचं. एरवी विसरले असते लोक. आबा वर्षातून दोनदा जाऊन आठवण करून द्यायचे.

परतीच्या एस.टी.त मी बोलले. "आबा, एक रुपया ठेवा अक्काच्या हातावर आणि घ्या ना कपभर. तिला किती बरं वाटेल." आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पैसा दीसन पेवाले मनी आंडेरनं घर का हाटेल शे?" मला हसावं का रडावं कळेना. हॉटेलातून उठून आलेला माणूस हे बोलत होता. घरी आल्यावर जिजींनी तेच सुचवलं तर त्यांना म्हणाले, "तू चहा पे." जिजी बशी घेऊन आत गेल्या. त्या बिचाऱ्या लेकीच्या घरी जायच्याच नाहीत. तिथं गेले तर मला पाण्यावाचून राहवणार नाही, म्हणायच्या, आणि यांचा नेम मोडेल. लेकीच्या घरचं पाणी न पिताच त्या वारल्या.

धुळ्याच्या डॉक्टरनं दोष गुरुजींचा आहे असं सांगितलं होतं. अक्कानं ते माहेरी कोणाला कळू दिलं नाही. मला सांगितलं आणि शपथ घातली. 'आबांना कळलं तर ते गुरुजींना ओट्यावर बसवून एक चहा म्हणून हाक देतील,' असं ती म्हणाली होती आणि आम्ही दोघी खूप हसलो होतो.

मग बाळू आला. गुरुजींच्या धाकट्या भावाला तीन मुलगे. तिसरा झाला तेव्हा त्याची आई आजारी पडली आणि बाळूला अक्कानं आपल्याकडे आणलं. रांगायच्या आतलं पोर. अक्का त्याच्यामागं वेडी झाली. माहेरी आली की कडेवर बाळू, बोलण्यात बाळू. तीन-चार वर्षांत तो तिचाच झाला, दीर-जावांनीही मनानं देऊन टाकला होता. कागदोपत्री करायचं तेवढं राहिलं होतं. अक्कानं आबांना निरोप धाडला, बाळूचा वाढदिवस आहे, या, आणि आता तरी माझ्या घरची कॉफी घ्या. आबा हो नाही काहीच बोलले नाहीत, पण टोपीला नवी घडी घातली. मला वाटलं, झालं. मी जायफळाची पुडी बरोबर घेतली.

पिंपळनेरच्या त्या अंगणात सतरंजी घातली होती. गुरुजींचे भाऊ आले होते, जाऊ आली होती, शेजारची चार माणसं होती. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं. ती ट्रे घेऊन बाहेर आली. कॉफीचा वास असा की मला बसल्या जागी तहान लागली. ट्रे आबांच्या पुढं धरला. आबांनी कपाकडे बघितलं, मग बाळूला जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं आणि लाडानं विचारलं, "तुनी माय कोनती रे भाऊ?"

पोरानं लगेच अक्काकडे बोट केलं. अक्काचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आबा हसले. त्यांनी पोराचं बोट हळूच धरलं आणि समोर बसलेल्या जावेकडे वळवलं. "नई रे भाऊ. ती तुनी काकू शे. माय ती दख."

पोर गोंधळून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागलं. जाऊ बाईच ती, पोटचं पोर समोर. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं हात पुढं केले आणि पोर तिच्याकडे गेलं. आबा उठले. गुरुजी हात जोडून म्हणाले, "आबा, अहो घ्या ना. आमच्यासाठी तो आमचाच आहे." आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं म्हणाले, "कॉफीना लोभमा मी खोटं कसं बोलू, मास्तर?" आणि रस्ता ओलांडून हॉटेलात गेले. अक्का ट्रे धरून तशीच उभी होती. मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

महिन्याच्या आत जावेनं बाळूला परत नेलं. भांडण नाही, तंटा नाही. इतकंच म्हणाली की म्हाताऱ्या माणसानं बोट वळवलं ते माझ्या काळजात रुतलं, आता माझं पोर मला द्या. पोर एस.टी.त चढताना काकू म्हणत नव्हतं, आई म्हणत रडत होतं, असं गुरुजींनी मला सांगितलं. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ अडकित्ता हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "जेनं पोर तेले भेटनं. बेस झायं." मी त्या दिवशी त्यांना कॉफी दिली नाही. दूध नासलं म्हणून सांगितलं. त्यांनीही विचारलं नाही.

अक्का त्यानंतरही माहेरी यायची. बोलणं कमी झालं, पण आल्याबरोबर चुलीपाशी बसायची आणि आबांची कॉफी करायची. आमच्या घरचं दूध, आमच्या घरची साखर, तेव्हा नेमाला बाध नव्हता. आबा पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे. "हात ते विमलनाच!" मोठ्यानं म्हणायचे, लिंबाखालच्यांनाही ऐकू जावं असं. अक्का कप परत न्यायला उभी राहायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. आबांच्या चेहऱ्यावर मात्र निर्मळ आनंद असायचा, लहान पोराचा असतो तसा. आपण काय केलंय याचा त्या माणसाला पत्ता नव्हता, आणि असला तरी ते बरोबरच होतं अशी खात्री होती. मला वाटतं, दुष्ट माणसापेक्षा अशा माणसाबरोबर राहणं अवघड असतं. दुष्टाला निदान शिव्या देता येतात.

गुरुजींची बदली धुळ्याजवळ झाली आणि त्यांनी शहरात दोन खोल्यांचं घर बांधलं. त्यानंतर काही वर्षांनी आबा केळीच्या बागेत पाटाच्या कडेला पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय सत्तरीच्या पुढं. हाडांचा नावाजलेला डॉक्टर धुळ्यात, म्हणून तिकडे नेलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, महिना दीड महिना इथंच राहू द्या, जीपमध्ये हादरे बसले तर सगळं फुकट जाईल. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अक्का म्हणाली, "मना घर दवाखानाजोडे शे. आना त्यासले." मदतीला म्हणून मीही राहिले.

अक्कानं बापाची जी सेवा केली तशी मी पाहिलेली नाही. बाहेरच्या खोलीत हवेशीर जागी खाट टाकली. रोज अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, भांडं द्यायची, घ्यायची, धुवायची. मला हात लावू द्यायची नाही. रात्री ते कण्हले की माझ्याआधी ती उठायची. फक्त खाणंपिणं तिच्या घरचं नव्हतं. खाणावळीतून डबा यायचा. प्यायचं पाणी आणि चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून. हे सगळं तिनं आबा यायच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. आबांना अभिमान वाटला. भेटायला येईल त्याला सांगायचे, "पोरनी मना नेम राखा. असा संस्कार शेतस."

आठवडा गेला, दुसरा गेला. खाणावळीच्या तिखट तेलकट भाजीनं आबांच्या तोंडाला फोड आले. हॉटेलचा चहा आल्याचा, साखरेचा. एक घोट घेऊन ते ग्लास बाजूला सारायचे. स्वयंपाकघर चार पावलांवर, आणि तिथं सकाळी गुरुजींसाठी कॉफी व्हायची. हो, गुरुजींनाही अक्कानं आता कॉफीची सवय लावली होती. जायफळाचा वास बाहेरच्या खोलीत यायचा. आबा वासाच्या दिशेनं मान वळवायचे आणि पुन्हा भिंतीकडे करायचे.

मला बघवेना. मी अक्काला म्हटलं, "मी करते त्यांच्यासाठी कपभर. मी सून आहे, माझ्या हातचं त्यांना चालतं." अक्का पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "गॅस मना, दूध मनं, पानी मना नळनं. तू फक्त हलावशी. ते कोना घरनं झायं?" गुरुजी एकदा धीर करून म्हणाले, "अगं, म्हातारा माणूस आहे, दे की." त्यांना म्हणाली, "मी कोठे नई म्हनस? नेम त्यासना शे."

तिसऱ्या आठवड्यात आबांना ताप भरला. अन्न जाईना. डॉक्टर येऊन गेले, गोळ्या बदलल्या, म्हणाले, जे मागतील ते द्या, पोटात काही गेलं पाहिजे. संध्याकाळी ताप उतरला. आबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि अक्काला हाक मारली. ती हात पुसत आली, खाटेच्या कडेला बसली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"विमल," आबा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मलाही पुढं सरकावं लागलं. "एक कप कॉफी कर वं माय. तुना हातनी."

मी आनंदानं उठलेच. गुरुजी दारात आले होते, त्यांचेही डोळे भरले. जन्मभराचा नेम म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं मोडला होता. इतकी वर्षं अक्का ज्याची वाट बघत होती ते शब्द तिला मिळाले होते. अक्कानं आबांच्या कपाळावरचा हात काढला नाही. केसांवरून फिरवत राहिली, आबा तिच्या फिरवायचे तसा. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली,

"मले आजून कोठे पोरबाळ झायं, आबा?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. तिनंही नजर काढली नाही. मी अक्काच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो नव्हता. दोघांची हनुवटी एकसारखी आहे हे मला इतक्या वर्षांत प्रथमच दिसलं. शेवटी आबांनीच मान वळवली. मला म्हणाले, "सुनंदा, हाटेलना चहाच लयी ये."

मी जाऊन चहा आणला. आबांना टेकून बसवलं. त्यांनी तो आल्याचा गोड चहा दोन्ही हातांनी ग्लास धरून सगळा संपवला, तोंड वाकडं न करता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत बघत होती. मग पुढं आली, त्यांच्या मिशा पदरानं पुसल्या, पांघरूण सारखं केलं. रिकामा ग्लास उचलून मी मोरीकडे निघाले तर तिनं मला अडवलं.

"आठे नको," ती म्हणाली. "हाटेलमाच धोवाले दि ये."